तळाला लागलेला गोंद

२००१ साली अंबडच्या एका खोक्यांच्या कारखान्यात गरम गोंदाचं मशीन सारखं तुंबायचं. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने गोंद सोडणारं नोझल तिसऱ्यांदा बदललं, तरी गोंद थेंबथेंबच. खोकी चिकटवणाऱ्या बयाबाई वैतागल्या.

"साहेब, नाक कितीदा शिंकरणार? रोग पोटात हाय. टाकीत बघा."

"मावशी, मशीनमधलं कळतं तुम्हाला?"

"नाय, पण करपलेलं पिठलं वासावरनं कळतं."

चिडून त्याने टाकीतला गोंद काढला. तळाला करपलेल्या गोंदाचा काळा थर होता, त्याच्याच खपल्यांनी नोझलकडे जाणाऱ्या वाटेवरची गाळणीची जाळी बुजली होती. बयाबाईंनी लाकडी पट्टीने थर खरवडला, त्याने नवी जाळी बसवली. मशीन झकास चाललं.

मालकांनी देखभाल बयाबाईंकडेच दिली. दुसऱ्याच दिवशी, टाकीची आच कमी न करता जेवायला गेलेल्या सुपरवायझरला त्यांनी डब्यावरून उठवून आणलं.