बॅबीनने पुरी केलेली गोष्ट

बॅबीनच्या तोंडाला सगळा किनारा टरकून असायचा. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, कोनेमाराच्या त्या खडकाळ गावात शेवाळ ओढण्यात आणि भांडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा समुद्राने नेला, पोरं बोस्टनने नेली, आणि चाळिशीत ती थोरल्या भावाकडे, मायकिलकडे, परत आली. तिथे चूल तिची आणि हुकूमही तिचाच. मायकिल जुन्या वीरकथा सांगायला बसला, की मात्र ही वाघीण चरखा घेऊन गुपचूप मागच्या कोपऱ्यात जायची. वीरकथा पुरुषांनी सांगायची आणि बायकांनी ऐकायची, ही तिथली रीत. कुठल्या शहाण्याने घातली कोण जाणे, पण बॅबीननेही ती पाळली, आता बोला.

ती साठीला आली त्या जानेवारीत फेहीन आला. पगार डब्लिनचा, पण माणूस पलीकडच्या खाडीवरचा. म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी तो यंत्रावर मेणाच्या नळ्यांत भरून घ्यायचा. गाढवगाडीतून यंत्र उतरवलं आणि दम न खाताच म्हणाला, "मायकिलकाका, तीन बेटांच्या राजाची गोष्ट तुम्हाला येते म्हणे. डब्लिनला ती कातड्यावर लिहिलेली आहे, पाचशे वर्षांपूर्वीची. पण शेवटची पानं गेलीत. तिसऱ्या बेटावर काय झालं, ते कुठल्याच पोथीत नाही."

"पोथीत नसेल. इथे आहे," मायकिलने कपाळावर बोट ठेवलं.

कोपऱ्यात बॅबीनच्या अंगावर काटा आला. पोथ्या लिहिणाऱ्यांकडे नाही ते आपल्या घरात आहे, या विचाराने तिच्या हातातला धागा दोनदा तुटला.

दोन बेटं दोन दिवसांत भरून झाली. तिसऱ्या दुपारी नळ्या उरल्या दोन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुढच्या गावाला जायचं होतं. शेजारचा रेमन आणि आणखी चौघे चुलीभोवती दाटीवाटीने बसले. मायकिलने राजाला तिसऱ्या बेटावर उतरवलं, किल्ल्यापाशी नेलं, आणि थांबला.

"किल्ल्याला... त्या किल्ल्याला ना..." त्याच्या कपाळावर घाम आला. सुई मेणावर नुसतीच फिरत राहिली.

"काका, नळी चाललीय," फेहीन हळूच म्हणाला.

 पुढचं सगळं बॅबीनच्या ओठांवर होतं. बोलावं तर चार माणसांत भावाचं नाक कापलं जाणार. न बोलावं तर ही गोष्ट दोघा भावंडांबरोबर थडग्यात जाणार.

"त्या किल्ल्याला दार नव्हतं," ती म्हणाली.

रेमन खाकरला. "बॅबीन, जरा चहाचं बघ."

"किटली तुझ्या पायाशी आहे. तूच बघ."

फेहीनने यंत्राचा कर्णा तिच्याकडे वळवला. मग काय विचारता! बॅबीन अशी सुटली, की लाटांचं वर्णन, तलवारींचं वर्णन, राजाच्या शिव्यासुद्धा, एकही शब्द गळाला नाही. आवाज चढत गेला, गाल लाल झाले. फेहीन नळी बदलत होता तेवढा वेळही तिला धीर धरवेना, ती पायाने ताल धरून उभी होती. रेमन तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. शेवटची नळी बोटभर उरली असताना राजा घरी पोचला, गोष्ट पुरी झाली, आणि बॅबीनला इतका आनंद झाला होता, की तिला रडू आलं.

मायकिलकडे बघायची मात्र तिची छाती होईना.

फेहीनने वही काढली. "नाव कुणाचं लिहू?"

"मायकिलचं," ती घाईने म्हणाली.

"तिचं लिही," मायकिल म्हणाला.

"पण मावशी, इतकी वर्षं तुम्ही ही सांगत कुणाला होतात?" फेहीनने विचारलं.

"गाईला. धार काढताना. ती मधे चहा मागत नाही."

सगळे हसले. मायकिल हसला नाही. "बाबा गेले तेव्हा मला दोनच बेटं येत होती. त्यांचं तिसरं हिने कोपऱ्यात बसून पाठ केलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दर हिवाळ्याआधी मी गोठ्याच्या भिंतीमागे उभा राहून तिसरं ऐकून घ्यायचो. यंदा गाय मेली, आणि मी अडकलो."

फेहीनची पेन्सिल वहीवर थांबली. "मग तुमची दोन बेटं बाबांकडून, आणि हे..."

"बहिणीकडून. तसंच लिही."

 बॅबीन चिडूनच म्हणाली, "वीस वर्षं पावसात उभा होतास? मेल्या, आत यायला काय झालं होतं?"

"आत आलो असतो," मायकिल म्हणाला, "तर तू गप्प झाली असतीस."