टेस्टमधली विहीर

वडनेर भोलजीत अश्वजितइतकं इंग्रजी शब्दांचं खूळ दुसऱ्या कुणाला नाही. पुण्याहून सॉफ्टवेअर शिकून आला तेव्हापासून त्याच्या घरी चहा ‘पेंडिंग’ असतो आणि म्हैस ‘ऑफलाइन’. मी त्याचा बालमित्र, म्हणून हे सगळं मलाच ऐकावं लागतं. पण गड्याने काम खरं केलं. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारं ॲप त्याने एकट्याने लिहिलं, आणि त्याचे वडील सहदेवकाका त्याचं पहिलं गिऱ्हाईक झाले.

त्या ॲपच्या दोन प्रती होत्या. लोक वापरतात ती ‘प्रॉडक्शन’. आपण हवी तशी मोडतोड करायची ती ‘टेस्ट’. "टेस्टमधी काहीच खरं नसते," असं तो मला सारखं ऐकवायचा. तिथली मोटरसुद्धा खोटी असते म्हणे, तिला ‘मॉक’ म्हणतात. पण खोटी मोटर तयार करायचा या शहाण्याला कंटाळा! घरची विहीर होतीच. तिचीच मोटर त्याने टेस्टलाही जोडली आणि नाव दिलं ‘मॉक’.

सहदेवकाका पूर्वी विहिरीत उतरताना स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात घालायचे. "बाबा, आता फ्यूज काऊन काढता? ‘लॉक’ दाबा, मोटर सुरूच होत नाही," हे त्यांना अश्वजितनेच शिकवलं. प्रॉडक्शनमध्ये ते खरंही होतं. टेस्टमध्ये मात्र ते लॉक सारखं आडवं येतं म्हणून त्याने काढून टाकलं होतं.

मेहकरला पंपविक्रेत्यांसमोर ॲप दाखवायचं ठरलं. मी सोबत गेलो. सकाळी काकांचा फोन आला, "लॉक लावलं रे. केबलचा जॉइंट कराले विहिरीत उतरून राह्यलो."

"हाव बाबा," म्हणून अश्वजित हॉलमध्ये शिरला. लोकांच्या मोटरी उगाच चालू व्हायला नकोत म्हणून त्याने टेस्टच उघडलं. चार सराईत वाक्यं बोलून बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: मॉक चालू.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याचा आजही संताप येतो.

अश्वजितचं तोंड पांढरंफटक पडलं. तो बंदचं बटण दाबत सुटला. पडद्यावरचं चक्र नुसतं गरगरत राहिलं. हॉलमधली रेंज गेली होती. "रवी, मॉक म्हणजे आमची विहीर," तो एवढंच म्हणाला. उघड्या तारा आणि ओल्या हातांचा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पुढे बसलेला एक विक्रेता अजून हसत विचारत होता, "अजून एकदा दाखवता का?"

हॉलबाहेर पळून त्याने आईला फोन लावला. जनकाबाई विहिरीच्या काठावरच होत्या, तरी तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी फोन उचलला.

"बाबा कुठी हायत?"

"खालीच हायत. काऊन ओरडतं बे? लाइन गेली ना सकाळचीच."

फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं. म्हणजे ‘चालू’ हे फक्त हुकूम पोचल्यावर उमटलं होतं. मोटर फिरली की नाही हे त्या ॲपने पाहिलंच नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, पण अश्वजितने फोन ठेवला नाही. ॲपचे हुकूम घेणारं जे यंत्र त्याने स्टार्टरच्या पेटीत बसवलं होतं, त्याला बॅटरी होती. त्याने हुकूम घेऊन ठेवला होता, वीज येताच मोटर सुरू होणार होती.

"आई, मेन खटका पाड! आधी खटका पाड!"

चपलांचा आवाज आला, मग लोखंडी पेटीचं दार वाजलं, मग खटका. जनकाबाई काही विचारणार तेवढ्यात फोनमधून शेजारच्या मळ्यातली मोटर घरघरायला लागल्याचा आवाज आला. लाइन आली होती. अश्वजित मेहकरच्या रस्त्यावर, माणसांच्या येण्याजाण्यात, खाली बसला.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा काका ओसरीवर होते. शर्टाच्या खिशात फ्यूज होते. अश्वजितने काहीही न लपवता सगळं सांगितलं: प्रॉडक्शन काय, टेस्ट काय, मॉक काय, लॉक कुठे काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे शब्द मान खाली घालून उच्चारले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले,

"तू म्हणतं, टेस्टमधी काहीच खरं नसते. मंग मी त्यात काय होतो रे?"

जनकाबाईंनी ताटं वाढली, ती तशीच राहिली.