टक्केसाहेबांचा शेवटचा डाव

टक्केसाहेबांनी कोणत्याही प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर दिल्याचे मला स्मरत नाही. जेवताना त्यांच्या पत्नीने, सुमनवहिनींनी, विचारावे, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" आणि यांनी घास गिळून म्हणावे, "एका वाटीवरून काय सांगू? सॅम्पल लहान आहे." वहिनी दुसरी वाटी वाढत. तीही पुरत नसे. टक्केसाहेब हे नाव सोसायटीने दिलेले, प्रत्येक गोष्टीचे टक्के काढण्यावरून. खरे नाव दारावरच्या पाटीवर होते. ते कोणी वाचत नसे.

दापोड्याच्या एका गोदामात माल रवाना करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर माणसे गुडघे धरतात किंवा देव धरतात. यांनी पोकर धरला. पत्त्यांचा हा खेळ ते संगणकावर, देशभरातल्या अनोळखी लोकांशी खेळत. पैसे लावून, पण इतके थोडे की एका डावात उतरायला कटिंग चहाहून कमी पडावेत. तेवढ्या व्यवहारासाठी त्यांनी जी विद्या उभारली होती, तिच्यावर एखादी सहकारी बँक चालली असती. कदाचित बुडालीही नसती.

संगणकात एक प्रोग्रॅम होता. तो खेळलेला प्रत्येक डाव टिपून ठेवी आणि पडद्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी दोन आकडे दाखवी. पहिला, शंभर डावांपैकी किती डावांत हा गृहस्थ पैसे घालून उतरतो. दुसरा, शंभरांपैकी किती वेळा तो स्वतः बोली वाढवून उतरतो. दोहोंत अंतर मोठे असेल, तर माणूस दुसऱ्यांच्या मागे फरफटणारा. "अशांच्या जिवावर आपण जिंकायचं," ते मला समजावत. "हा जुगार नाही नाना, शास्त्र आहे."

शास्त्र म्हटले की ते सर्वांना लागू करणे आले. सोसायटीच्या सभेत ते माझ्या कानाशी येऊन निकाल देत. "सेक्रेटरी बघा. पहिला आकडा नव्वद, दुसरा शून्य. प्रत्येक विषयात तोंड घालतो, ठराव एक मांडत नाही." खजिनदारांविषयी म्हणत, "हे फक्त ब्लफ." माझेही माप त्यांनी काढले होते. "तुम्ही बारा आणि अकरा. क्वचित बोलता, पण बोललात की समोरचा चप्पल शोधतो." मी हरकत घेतली नाही.

त्यांचे माप काढणारी व्यक्ती एकच होती. "दळण आणायला शंभरांतून किती वेळा विसरता, तो आकडा ठेवलाय का कुठे?" वहिनी विचारीत. प्रोग्रॅम जमाखर्चाची एक रेघही काढी. ती शून्याच्या खालून चालली होती, हे वहिनींना दिसत असे. एकदा त्यांनी माझ्यासमक्ष अट घातली. "दिवाळीला ही रेघ शून्याच्या वर दिसली, तर मी चारचौघांत म्हणेन, शास्त्र आहे. खाली असली, तर तो जुगार, आणि हा कॉम्प्युटर गणेशपुरीला माझ्या भाचीकडे जाईल. तिला कॉलेजसाठी हवाच आहे."

"मान्य," टक्केसाहेब म्हणाले. त्यांचे हे एक उत्तर मी बिनटक्क्यांचे ऐकले.

मी कोर्टात कारकुनी केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी पडद्यावरची नावे पाहून विचारले, "यात तुमचे आकडे कुठे आहेत?"

"ते मी बंद ठेवलेत. उगाच जागा अडते."

"चालू करा."

त्यांनी चालू केले. पहिला आकडा भरघोस, दुसरा किरकोळ. ज्यांच्या जिवावर ते जिंकणार होते, त्यांतले सर्वांत ठळक गिऱ्हाईक ते स्वतः होते. त्याहून वाईट म्हणजे, समोरच्याने शेवटची मोठी बोली लावली की ते जवळजवळ प्रत्येक वेळी पैसे भरून त्याचे पत्ते उघडायला लावीत, आणि हरत.

"पत्ते टाकून मोकळे का होत नाही?" मी विचारले.

"त्याच्याकडे काय होतं, ते मग कळतच नाही हो." ते म्हणाले, "गोदामात पेटी बंद यायची, बंद जायची. वजन माझ्या सहीने, सील माझ्या हाताने. आत काय, ते एकदासुद्धा पाहिलं नाही. पाहायचं नसतंच. इथे चार पैसे टाकले की पाहता येतं."



पण त्यांनी खोड सोडली. वाईट पत्ते आधीच टाकू लागले. शेवटच्या बोलीला हात मांडीखाली दाबून बसत. रेघ चढू लागली. आमटीलाही ते एकदा "चांगली" म्हणाले. वहिनींनी त्यांचे कपाळ चाचपून पाहिले.

मुदत दिवाळीची होती. सरकारने ती श्रावणातच आणली. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा झाला आणि संध्याकाळपासून टेबले बंद, असा कंपनीचा निरोप आला. दुपारी टक्केसाहेबांनी मला बोलावून घेतले. रेघ प्रथमच शून्याच्या वर आली होती. केसभर, पण वर. वहिनी शेजारी वाल सोलत होत्या.

"आता उठा," मी म्हणालो.

"हा एक डाव हातात आहे."

समोर 'शांतिदूत' असे नाव घेतलेला कोणी होता. त्याने शेवटची मोठी बोली लावली. प्रोग्रॅम सांगत होता की हा इसम शेवटच्या बोलीला कधीही खोटे बोललेला नाही. पैसे भरून हरले, तर रेघ शून्याखाली. पत्ते टाकले, तर शास्त्र सिद्ध. टक्केसाहेबांनी बोट पत्ते टाकायच्या 'फोल्ड' बटणावर नेले.

वहिनींनी मान वर केली. "पण त्याच्याकडे होतं काय, ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

"म्हणजे? कधीच नाही?"

हा प्रश्न भाबडा होता की नव्हता, यावर मी मत देत नाही. टक्केसाहेबांचे बोट सरकले. त्यांनी पैसे भरले. पत्ते उघडले.

"होतं! होतंच हो त्याच्याकडे!" ते ओरडले. जिंकल्यावर त्यांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

"कळलं ना?" वहिनी म्हणाल्या. "आता खोकं शोधा."

खोके त्यांनी स्वतः भरले, पट्टी लावली, सुतळी बांधली. बांधणी नोकरीतल्यासारखी होती. एसटी स्टँडवर मी सोबत गेलो. खोके चढवताना कंडक्टरने हटकले, "काय हाय यात, काका?"

टक्केसाहेब ताठ उभे राहिले. "कॉम्प्युटर. मी पाहून भरलाय."

पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. वहिनी अजूनही सांगतात की तो जुगारच होता, आणि सांगताना आमटी दोनदा वाढतात. सोसायटीच्या सभेत मी अलीकडे बराच बोलतो. माझा पहिला आकडा आता किती झाला, हे कानाशी येऊन सांगणारे कोणी राहिलेले नाही.