उभ्या उभ्या जोडलेला ट्रेलर

"खाली वाकून पाह्यलं?" सलीमभाईनं विचारलं.

"पाह्यलं," मी म्हणलं.

वाकलो मी नव्हतोच. टायरले टेकून उभा होतो, गाडीच्या मालकासारखा.

गडचांदूरच्या अलीकडे सिमेंटचे ट्रेलर उभे राह्यते, त्या यार्डातली ही सकाळ. सलीमभाई राजुऱ्याचे. जिंदगीभर ट्रेलर चालवला, आता नवीन ड्रायव्हर पारखतात. त्यांनी हो म्हणलं तर मले ट्रेलर, नाई म्हणलं तर परत ट्रॅक्टर. अन् बायकोनं तर मोहल्ल्यात आधीच सांगून टाकलं होतं, का आमचे हे आता मोठ्या गाडीवर.

ट्रेलर कसा जोडतात ते सांगतो. पुढच्या इंजिनवाल्या गाडीले आमी घोडा म्हणतो. मांगचा लांब ट्रेलर वेगळा, तो आपल्या दोन लोखंडी पायांवर उभा असते. घोड्याच्या पाठीवर एक जाड प्लेट, तिले मांगून खाच. ट्रेलरच्या पोटाखाली एक खुंटी, तिले म्हणतात किंगपिन. घोडा हळूहळू मांगं घ्यायचा. किंगपिन खाचेत शिरली का आतला जबडा खट करून तिले धरते. आता धरलं का नाई, हे उभ्यानं दिसत नाई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन वरूनच टाकतो, वरूनच दिसते. इथी मात्र ट्रेलरखाली उकिडवं बसून टॉर्च मारा लागते.

मंग मी काऊन नाई बसलो? यार्डाच्या भिंतीमांगं जंगल. आदल्या दिवशी तिकडे वाघ दिसला म्हणे. कोणाले दिसला, ते कोणालेच माहीत नाई. पण आमच्या इकडे लेकराले चालाच्या आधी शिकवतात, जंगलाजवळ वाकू नको. मोहाची फुलं वेचणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारा माणूस, खाली बसला का वाघाले जनावर वाटते. उभा माणूस त्याले समजत नाई. मी तर उभा असलो तरी बकऱ्याएवढाच. वाकल्यावर वाघाले विचारच करा लागला नसता.

अन् खट झालं होतं ना. मंग ओढूनबी पाह्यलं. ट्रेलरचे ब्रेक लागलेले ठेवायचे, अन् घोडा पहिल्या गेरात जरासा पुढं ओढायचा. सुटला नाई म्हणजे जुडला. माहा नाई सुटला. मी मनातल्या मनात मोहल्ल्यात पेढे वाटले.

सलीमभाईनं माह्या साफ पॅन्टकडे पाह्यलं. यार्डात जिकडे तिकडे सिमेंटची धूळ. "या ट्रेलरखालून मांजर निघते तेबी पांढरी होऊन निघते. तू वाकला का उडाला?"

मंग सांगा लागलं, वाघाचं. मले वाटलं, आता हसते हा माणूस. तो हसला नाई. बरं, मीच पाह्यतो म्हणे. दोन पावलं गेला, भिंतीकडे पाह्यलं, अन् उभा राह्यला. तोबी इथलाच.

"तूच वाक. मी इथी उभा राह्यतो."

"तुमी वाका, भाई. तुमचा अनुभव मोठा."

"वाघाले अनुभव नाई लागत, मांस लागते. वाक."

शेवटी मोहाच्या दिवसातलीच रीत काढली. एकानं वेचायचं, एकानं डबा वाजवायचा. सलीमभाईनं ग्रीसचा रिकामा डबा घेतला अन् पान्यानं बडवू लागले. मी खाली बसलो. चहा पिऊन राह्यलेले सगळे ड्रायव्हर गोळा झाले. एकानं विचारलं, वरात कोणाची?

टॉर्च मारला अन् मले वाघाची यादच नाई राह्यली. प्लेट अन् ट्रेलरच्या मधात हात जाईन एवढी फट. जबडा उघडाच. आधीच्या ड्रायव्हरनं ट्रेलर उंच ठेवून दिला होता, म्हणून किंगपिन खाचेत न जाता प्लेटवरून पुढं निघून गेली, खट झालं ते पिन प्लेटवरून उतरल्याचं, अन् ओढल्यावर पुढच्या काठाले अटकली. जुडली नव्हती, अटकली होती. ट्रेलरचे पाय वर घेऊन निघालो असतो, तर गेटच्या वळणावर निसटली असती. तिथी चहाची टपरी, कायम माणसं बसलेली. त्याईच्या अंगावर भरला ट्रेलर.

घोडा मोकळा केला. पायांचं हँडल फिरवून ट्रेलर खाली घेतला, प्लेटपेक्षा जरासा खाली, म्हंजे घोडा शिरता शिरता त्याले स्वतःच उचलते. परत मांगं घेतलं. या वेळेस डब्याबिगर बसलो. फट नाई, जबडा पिनीभोवती बंद. हवेचे पाइप लावले, लाइटची वायर लावली, ओढून पाह्यलं, मंग पाय वर घेतले.

"झालो ना पास?" मी विचारलं.

"जोडता येते तुले. पण नापास."

"काऊन?"

"भेव लागते तर भेव लागते म्हणाचं. मीबी भेलोच ना? पण न पाह्यता पाह्यलं म्हणणारा माणूस मले घोड्यावर नाई पाह्यजे. सोमवारी ये."

घरी जाऊन बायकोले खरं सांगतलं. ती म्हणे, मोहल्ल्याचं मी पाह्यते. तिनं सांगतलं, वाघ आडवा आला. लोकायनं विचारपूस केली, एक म्हातारी अंगारा घेऊन आली. तो मी लावून घेतला, नाई कसा म्हणाचा.

सोमवारी पास झालो. आता कोणी विचारलं, पाह्यलं का, अन् पाह्यलं नसन, तर सरळ म्हणतो, नाई पाह्यलं, थांबा. मांगचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे. ट्रेलर रस्त्यात बसण्यापेक्षा ड्रायव्हर उकिडवा बसलेला बरा.