दत्ता सरांच्या गाडीचं ॲव्हरेज

कळंबात जुनी गाडी घ्यायला कुणी एकटा जात नाही. घेणारा एक, बघणारे पाच, आणि त्या पाचात मी असतोच. माझ्याकडं आहे साधी स्कूटी, पण मतं सगळी डिझेल गाड्यांबद्दल! शिवा मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या बाकावर बसून असे किस्से इतके साठलेत की सांगायला घेतलं की चहा गार होतो. त्यातले बरेचसे दत्ता सरांच्या गाडीचे.

•

सर आमच्याच शाळेतून रिटायर झाले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, दर पौर्णिमेला तुळजापूरला जायच्या. मग गुडघे दुखायला लागले आणि एसटीची पायरी चढवेना. सर बाकावर येऊन म्हणाले, "हिची आजवर एक पौर्णिमा चुकली नाही. पेन्शनीत भागेल अशी, चांगल्या ॲव्हरेजची जुनी डिझेल बघा."

झालं, बाकाला काम मिळालं.

•

पहिली गाडी गावातलीच. शिवानं बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. "चहा सांगा," म्हणाला आणि तिथंच बसला. दोन चहा झाले. मालक चुळबुळायला लागला, "अहो, स्टार्ट करून दाखवतो की."

"ऱ्हाऊ द्या. डिझेल इंजन थंड झाल्याबिगर खरं बोलत न्हाय."

चांगल्या दोन तासांनी मालकानं चावी फिरवली. चौथ्या खेपेला इंजिन सुरू झालं, आणि असा धूर निघाला की समोरच्या दुकानदारानं शटर ओढलं.

•

दुसऱ्या गाडीचा मालक पंचवीसचं ॲव्हरेज सांगत होता. टाकी काठोकाठ भरून निघालो. ऐन मे महिना, एसी बंद, आणि हवा अडते म्हणून काचाही बंद. आत आम्ही शिजत होतो. त्यात उतार आला की हा गडी इंजिनच बंद करायचा. तिसऱ्या उताराला शिवानं घाम पुसला. "मालक, आमाला गाडी घ्यायची हाय. उतार तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

•

तिसरी अणदूरला. शिवा बॉनेटपाशी पोचेपर्यंत काकू पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा, कुणाचा हात न धरता. "हीच घ्या," म्हणाल्या.

"काकू, ॲव्हरेज तर बघू द्या!"

"बघ की तू. मी बसलेय."

थंड इंजिन एका चावीत सुरू झालं. शिवा हात पुसत म्हणाला, "काकूंनी पास केल्यावर माझं काय काम?"

•

ॲव्हरेज भरलं बावीस. तुळजापूरहून आले की सर टाकी भरून थेट बाकापाशी यायचे आणि म्हणायचे, "बावीस." आम्ही जळायचो.

एकदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा कळलं. काटा पंचावन्नच्या पुढं सरकला की काकू खिडकीतून बाहेर बघत नुसतं म्हणायच्या, "हळू." कडब्याचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. सर चिडले. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, त्याला घाई असेल." मग त्यांनी पेरू कापून फोडी मागं दिल्या. तसा निवांत प्रवास मला पुन्हा कधी घडला नाही.

•

गेल्या वर्षी काकू गेल्या. सर पौर्णिमा चुकवत नव्हते, एकटेच जायचे. एक दिवस बाकापाशी आले. "शिवा, सतरावर आलंय. काहीतरी बिघडलंय."

शिवानं फिल्टर बदलला, चाकातली हवा बघितली, ब्रेक चाकाला धरून राहतात का ते तपासलं. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा सतरा. "विकून टाकतो आता," सर म्हणाले.

त्याच्या पुढच्या पौर्णिमेला शिवानं गॅरेज उघडलं नाही. धुतलेला शर्ट घालून सरांच्या शेजारी बसला. मी मागं. गाव सुटलं, काटा साठच्या पुढं गेला. शिवा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "हळू."

सरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग पाय उचलला.

परत येऊन पंपावर टाकी भरली. सरांनी गणित दोनदा केलं. "बावीस," म्हणाले. मग चावी फिरवत म्हणाले, "शिवा, पुढच्या पौर्णिमेलाही गॅरेज उघडू नकोस."