मांडीला चादरीचा जोड

मोजणीमामाला अंदाजाचा मनस्वी राग. जमीन मोजणीच्या खात्यात त्याची हयात गेली आणि निवृत्तीनंतरही टेप खिशातच राहिला. मामी ‘चिमूटभर मीठ’ म्हणाली की हा विचारणार, “कुणाच्या बोटांची चिमूट?” मामा जाऊन वर्ष झालं; अजूनही मीठ टाकताना माझा हात थबकतो.

त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही रडलो. तो मात्र डॉक्टरांना उपचाराच्या दाण्यांची लांबी विचारत बसला. तांदळाएवढे किरणोत्सारी दाणे सुयांनी थेट प्रोस्टेटमध्ये ठेवून कॅन्सर आतूनच जाळायचा, असा तो उपचार. घरी येऊन म्हणाला, “पेरणी झाली. आता उगवू नये म्हंजे झालं.” एखादा दाणा लघवीतून पडू शकतो म्हणून सुरुवातीला ती गाळायची होती. मामानं त्यासाठी नवी गाळणी आणून तिला लाल दोरा बांधला. मामीनं धसका घेऊन घरातला चहाच बंद केला.

दोन महिने लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, लांबच ठेवायचं, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. “लांब म्हंजे किती?” “असेल सहा फूट.” “असंल नको साहेब, नक्की सांगा.” डॉक्टर हसले. मामानं घरी येऊन ओसरीवर टेप धरला आणि खडूची रेघ मारली.

पंचाईत तिथंच झाली. आमच्याकडे पहिल्या वाढदिवसाआधी जावळ काढतात, तेही मामाच्या मांडीवर. मला भाऊ नाही, म्हणून माझ्या मुलाच्या जावळाचा मान मोजणीमामाचा. मामा-मामींना मूल नव्हतं. माझं पोर जन्मल्यापासून तो या दिवसाची वाट बघत होता. वाढदिवस पंधरा दिवसांवर आलेला. आई म्हणाली, “दोन मिनटानं काय हुतंय?”

“पोराच्या बाबतीत न्हाय चालायचं, अक्का.”

शेवटी त्यानंच लांबलचक सोलापुरी चादर काढली. एक टोक त्याच्या मांडीवर, दुसरं रेघेपलीकडे माझ्या मांडीवर, त्यावर पोर. “मांडीला जोड दिलाय. करा सुरू!” न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवून आधी पोटभर हसून घेतलं. आम्हीही हसलो. मामा आपलं टोक घट्ट धरून बसला होता. मला फार वाईट वाटलं.

ते दोन महिने पुरे झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, तसा मामा दवाखान्यातून थेट आमच्याकडे आला. मांडी घातली, हात पुढे केले. पोर पाच मिनिटांत त्याच्या मांडीवर झोपलं. तास झाला, दोन तास झाले. मी म्हटलं, “दे इकडं. पाय आखडेल तुझा.”

मामा कुजबुजला, “पाय कवाचाच गेलाय. पोराला हात लावू नको.”