चाकावरच्या चादरी
नव्या सोलापुरी चादरीची घडी मोडली, की खळीच्या वासाबरोबर ती गाडी आठवते. टेम्पोत पलंग, शेगडी बसवून आम्ही वडिलांना उपचारासाठी पुण्याला नेत होतो. जन्मभर यंत्रमागावर राबलेले वडील नुसते कण्हत होते आणि टायरची घरघर पत्र्यातून थेट पलंगात शिरत होती. "कायतरी कर की रे, सोसंना त्यास्नी," आई रडकुंडीला आली. गाडी थांबवून मी अंथरा-पांघरायला घेतलेल्या साऱ्या नव्या चादरी चाकांवरच्या पत्र्यावर दाबून बसवल्या. पुन्हा निघालो तर आवाज खरंच दबला, आणि वडील घाबरून उठले. "माग का थांबला? पोरांनी खायचं काय?" किती समजावलं तरी ऐकेनात. शेवटी आईनंच चादरी ओढून काढल्या. "चालू झाला बघा," ती म्हणाली, तेव्हा कुठं ते निजले. आता गुळगुळीत रस्ता लागून घरघर दबली, की ती ऐकायला मीच गाडीची काच खाली करतो.